भारतीय बचाव नेमका कुणाचा?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीसाठी एका ताईंच्या घरी गेले होते. ओसरीवर त्यांच्या सासूबाई आणि सातवीतली नात बुद्धिबळाचा पट मांडून भांडत होत्या. आजींचं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. नात म्हणाली, “आजी, तुला येतच नाही. पहिल्यांदा दोन घरं टाकता येतात!” आजी म्हणाल्या, “आम्ही असंच शिकलो.” त्या एका घराची गोष्ट मोठी आहे, तीच आज सांगते.

आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादं बहुतेक ठिकाणी एकेक घरच चालायचं. राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्यात नेणारं आजचं कॅसलिंगही नव्हतं. राजाला शह बसलेला नसेल, तर एकदाच घोड्याची अडीच घरं मिळायची. असा संथ खेळ शिकलेला माणूस पटाच्या मध्यावर धावून जात नाही, आधी घर सावरतो. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे घ्यायचं आणि त्याच्या मोकळ्या जागी उंट बसवायचा. मग पटाची लांब तिरकी रेघ उंटाच्या नजरेत येते. मधली घरं समोरच्याला खुशाल घेऊ द्यायची. त्याची प्यादी पुढे आली की ती राखायचं ओझंही त्याच्यावरच पडतं. मग त्यांना धक्का द्यायचा.

1848 च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते, बुद्धिबळात नावाजलेले. त्यांची गाठ खेड्याकडून आलेल्या महेशचंद्र बॅनर्जींशी पडली. पुढच्या काही वर्षांत दोघांचे शेकडो डाव झाले, नियम युरोपचेच. पण बॅनर्जींचा हात जुन्या सवयीचा, प्यादं एक घर आणि त्यामागे उंट. ते जास्त वेळा हरले, हेही सांगायला हवं. कॉक्रन यांचा मारा भारी होता. राजाशेजारच्या प्याद्यावर घोडा उधळून देण्याची एक चाल त्यांनी 1848 मध्ये बॅनर्जींवरच केली. जगभर ती आजही ‘कॉक्रन गँबिट’ म्हणून ओळखली जाते.

1855 चा एक डाव तर नवलाचा. त्यात बॅनर्जींनी प्यादं आणि उंट तसेच लावले आणि लगेच मध्यावर प्यादं भिडवलं. तोही डाव ते हरले, राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडून घोड्याने मात झाली. म्हणून तो बचाव वाईट ठरतो का? युरोपातल्या जाणकारांना मात्र पुढे कित्येक वर्षं असा खेळ विचित्रच वाटे. प्याद्यांनी मध्य काबीज करावा, हीच तिथली शिकवण.

1920 च्या दशकात निम्झोविच, रेटी अशा खेळाडूंनी ती शिकवण उलटवली. 1922 मध्ये ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी तोच बचाव खेळून अलेखाइनला हरवलं, पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनला! बचावाला नाव मिळालं ‘ग्रुनफेल्ड’. त्याच्या भावंडाला ‘किंग्ज इंडियन’ म्हणतात. फिशर, कास्पारोव्ह तो खेळले, आणि आपल्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावं असं नाव म्हणजे हंगेरीची ज्युडिट पोल्गार, तीही तो खेळली.

मारा करणाऱ्याचं नाव राहिलं, सत्तर वर्षांनी तेच खेळणाऱ्याचंही राहिलं. बॅनर्जींच्या वाट्याला नुसतं ‘इंडियन’ आलं. इंग्रजी मासिकांत तर त्यांचा उल्लेख कधी कधी फक्त ‘ब्राह्मण’ असा असे.

हे वाचलं तेव्हा मला माझीच इतिवृत्ताची वही आठवली. ‘सर्वानुमते ठरले’ असं मी किती वर्षं लिहीत आलेय! मसाला कांडपाची कल्पना पहिल्यांदा कोणी मांडली, हे त्या वहीत कुठेच नाही. गटात विचारलं, तर तीन नावं पुढे आली.

आणि आजींचा तो डाव? तो अर्धाच राहिला. बैठक सुरू झाली, पट पलंगाखाली गेला.