प्रकाशाचे मुखत्यारपत्र

अकोल्याच्या एखाद्या जिनिंगमधील रुईच्या ढिगातून एकच तंतू काढून उजेडासमोर धरावा, तर तो जवळजवळ पारदर्शक दिसतो. असेच असंख्य तंतू अस्ताव्यस्त गुंतले म्हणजे मात्र ढीग शुभ्र होतो, कारण आत शिरलेला प्रकाश तंतूतंतूवर विखुरत, वाट बदलत, सर्व रंगांनिशी बाहेर येतो. हा विस्कळीतपणा पुरेसा प्रखर झाला तर तरंगाचा प्रवासच खुंटून तो जागीच जखडला जावा, असा सिद्धांत फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली मांडला; पण त्यांच्यासमोर प्रकाश नव्हता, अशुद्ध स्फटिकातील इलेक्ट्रॉन होता. इलेक्ट्रॉन परस्परांना रेटतात आणि उष्णतेने त्यांच्या तरंगांची लय मोडते, म्हणून त्यांच्या वतीने प्रकाशालाच मुखत्यार नेमण्याची वहिवाट पुढे प्रयोगशाळांत पडली.

या वहिवाटीचा मूळपुरुष शोधू गेल्यास विल्यम हॅमिल्टन यांच्यापाशी थांबावे लागते. १८३०च्या दशकात त्यांनी किरणांचे आणि गतिमान पदार्थांचे गणित एकाच साच्यात बसविले. १९२३ साली लुई द ब्रॉय यांनी कणालाही तरंग बहाल केला. आणि १९२६ साली हॅमिल्टन यांचाच धागा धरून श्रोडिंगर यांनी आपले समीकरण सिद्ध केले. पुंजयामिकी अशी प्रकाशशास्त्राच्या कुळातच जन्मलेली असल्यामुळे, काचेत कोरलेल्या सूक्ष्म प्रकाशवाहिन्यांच्या रांगेत, वाहिनीच्या लांबीला काळाचे स्थान दिले की, प्रकाशाचे पसरणे त्याच स्वरूपाच्या समीकरणाने चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार आणि त्यांचे सहकारी विस्कळीत माध्यमांत जखडणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करीत आले आहेत; रंगद्रव्य मिसळलेल्या सूक्ष्म थेंबांच्या रांगेतून लेसरप्रकाश उपजविण्याचे प्रयोग त्यांपैकीच होत.

या मुखत्यारपत्रास मर्यादाही आहे. एकट्या इलेक्ट्रॉनाच्या वर्तनापुरता साधा लेसर पुरतो. अनेक कणांच्या गुंतागुंतीची नक्कल करणारे यंत्र मात्र स्वतःच पुंजनियमांनी चालणारे हवे, असे रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली बजावले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे दोन फोटॉनांकरवी हायड्रोजन रेणूची ऊर्जा काढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. तथापि फोटॉन एकमेकांना रेटत नाहीत, हा ज्या गुणावर त्यांची नेमणूक झाली तोच येथे उणेपणा ठरतो, आणि तो भरून काढण्यास, निल, लाफ्लाम व मिलबर्न यांनी २००१ साली दाखविल्याप्रमाणे, काही फोटॉन मोजणीत खर्ची घालावे लागतात.