काँक्रीटची प्रत आणि घाटाखालचे पाणी

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात पूर्वापार मानले जातात. घाटावर लोणारचे दैत्यसूदन मंदिर आहे. त्या हेमाडपंती धाटणीत दगडावर दगड बसविताना चुन्याची अपेक्षा ठेवीत नसत. पुढे सिंदखेड राजास जाधवांच्या काळी दगडासोबत चुना आला. चुना घाणीत किती मळावा, रेती किती मिसळावी, हे कारागिराच्या हातास ठाऊक असे. त्याची प्रत आकड्यांत सांगण्याची सोय नव्हती.

ती सोय सिमेंटबरोबरही लगेच आली नाही. जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यापुढे दीर्घकाळ काँक्रीट ओळखले गेले ते मापाने. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी हे सूत्र आमच्याकडील गवंड्यांच्या तोंडी आजही आहे. घमेल्याने मोजावयास ते फार सोपे. परंतु त्यात पाण्याचा उल्लेखच नाही, आणि सारी मेख तेथेच आहे.

अमेरिकेत शिकागो येथे डफ एब्रॅम्स यांनी १९१८ साली दाखवून दिले की, जिन्नस तेच असता काँक्रीटचे बळ मुख्यत्वे पाणी व सिमेंट यांच्या परस्पर प्रमाणावर ठरते. सिमेंटला घट्ट होण्यास स्वतःच्या वजनाच्या चतुर्थांशाच्या आसपास पाणी पुरते. बाकीचे माल सैल व्हावा म्हणून घातलेले असते. ते उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. माल लवकर पसरावा म्हणून एखादी बादली अधिक ओतणारा मजूर नकळत इमारतीचे बळच कमी करीत असतो.

आपल्याकडे आयएस ४५६ हे मानक प्रथम १९५३ साली निघाले. आता प्रत ठरते ती बळावरून. 'एम २०' म्हणजे १५ सेंटिमीटर बाजूचा घन २८ दिवसांनी दाबला असता दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे साऱ्या घनावर सुमारे ४६ टन भार सोसणारे काँक्रीट. शंभरांत पाचांहून अधिक घन याखाली उतरू नयेत. ठोकळ प्रमाणाने हे काँक्रीट करावयाचे तर ५० किलोच्या पोत्यास पाणी ३० लिटरांहून अधिक नको. मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीने सळयांच्या कामास किमान एम २० सांगितले. जुने एकास दोन, चार हे प्रमाण मात्र एम १५ च्या जवळपासचे, तेव्हा स्लॅबला ते अपुरेच.

आता घाटाखाली उतरावे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट. सळया घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. सळया नसल्यास २००० पर्यंत. मीठ लोखंडास गंज आणते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट तडकते. विशेष हे की, अशा पाण्याचा घन २८ दिवसांच्या चाचणीत सहज उत्तीर्ण होऊ शकतो, कारण त्यात सळई नसतेच. प्रत उत्तम, आणि काही वर्षांनी छताचे पोपडे सुटतात! म्हणून या भागात माल कालविण्यापूर्वी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे लागते. स्लॅबवर पुढे मारावयाचे पाणीसुद्धा, कारण मीठ त्या वाटेनेही आत शिरते.