राउटरला शिंग बसवण्याआधी

हातात मावणाऱ्या वायफाय राउटरची रेंज पुरत नाही म्हटलं की दोंडाईच्यात काय नि धुळ्यात काय, सल्ला एकच मिळतो : ‘बाहेरून अँटेना टाकून घ्या.’ हे मत अगदीच निराधार नाही. गच्चीवरचा दूरदर्शनचा अँटेना फिरवून ज्यांनी चित्र स्वच्छ केलं, त्यांचा तो अनुभव आहे. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर703एनसारख्या चिमुकल्या राउटरला हौशी लोकांनी अँटेना डकवून लांबचा पल्ला गाठलाही आहे. तरीही घरगुती वापरापुरता हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं म्हणणं.

पहिली गोष्ट शक्तीची. अँटेना स्वतः एक मिलिवॉटही तयार करत नाही. राउटरने दिलेली शक्ती कुठे जावी, एवढंच तो ठरवतो. खापरावरच्या मांड्याचा उंडा तेवढाच असतो. मांडा मोठा केला की पातळ होतो. 9 डीबीआयचा (डीबीआय म्हणजे सिग्नल एका बाजूला एकवटण्याचं माप) उभा दांडा सिग्नल आडवा लांब नेतो, पण तो वर-खाली कमी करूनच. राउटर तळमजल्यावर आणि मुलांचा अभ्यास वरच्या खोलीत असेल, तर मोठ्या आकड्याचे पैसे देऊन नुकसानच पदरात पडतं.

दुसरी गोष्ट केबलची. आरजी-174 सारखी बारीक केबल 2.4 गिगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे 2 डेसिबल गिळते. खिडकीतून छतापर्यंत 3 मीटर ओढली की 6 डेसिबल गेले, म्हणजे शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा उरला. वर 5 डीबीआयचा अँटेना असला तरी हिशेब उणे एकावर येतो. आतला साधा अँटेना बहुधा याहून बरा. ‘मग जाड केबल वापरा,’ असं कुणी म्हणेल. वापरता येते, पण बोटाएवढी जाड, ताठ केबल तळहाताएवढ्या डबीला लावली, तर डबीच केबलला लोंबकळते.

तिसरी गोष्ट डागकामाची. आतल्या अँटेनाकडे जाणारी वाट तोडल्याशिवाय बाहेरचा जोडला, तर दोन्ही एकमेकांचं काम बिघडवतात. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तिचा पाव हिस्सा जेमतेम तीन. त्यामुळे केबलची जाळी मागे सारताना मधली तार सेंटिमीटरभर उघडी राहिली, तरी ती तारच अँटेनासारखी वागू लागते. शिवाय सिमकार्डाच्या राउटरमध्ये दोन वेगळे रेडिओ असतात : एक टॉवरशी बोलणारा, दुसरा घरातल्या फोनशी. एकाला अँटेना लावून दुसऱ्याची रेंज वाढत नाही. तक्रार कुठल्या बाजूची आहे, हे मात्र सल्ला देणारा क्वचितच विचारतो.

उत्तर राउटरच्या आकारातच आहे. तो उचलून नेता येतो. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत सिग्नल बराच शोषते आणि मिरचीच्या गोदामाचा पत्रा तर तो जवळजवळ परतवतोच. तेव्हा राउटर खिडकीत किंवा दारावरच्या फळीवर ठेवावा. लॅनची तार असेल तर ती 100 मीटरपर्यंत बिनधास्त ओढता येते. अँटेनाच्या केबलसारखी मीटरामीटराला सिग्नल खात नाही. यावर एक आक्षेप खरा आहे : खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, छतावरच्या उन्हात प्लास्टिकची डबी टिकणार नाही. म्हणूनच ती छतावर नव्हे, पडवीच्या सावलीत हवी.

मग बाहेरचा अँटेना कधीच नको का? हवा. गावातल्या घरातून मळ्यातल्या खोलीपर्यंत मध्ये झाडं-भिंती नसताना दुवा जोडायचा असेल, तर दोन्ही टोकांना एकाच दिशेला सिग्नल नेणारा अँटेना समोरासमोर लावावा, केबल वीतभर ठेवावी. तो बोलण्याला आणि ऐकण्याला सारखीच मदत करतो. नुसतं बोलणं वाढवणाऱ्या बूस्टरला हे जमत नाही. कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी : जानेवारी 2005 च्या केंद्रीय अधिसूचनेने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला केला, तो अँटेनासह 4 वॉट प्रभावी शक्तीच्या आत.

एरवी मात्र खर्चाआधी राउटर उचलून घरात चार ठिकाणी ठेवून पाहावा आणि फोनमध्ये सिग्नलचा आकडा वाचावा. पोर्टेबल म्हणून घेतलेली वस्तू खिळ्याला टांगायची आणि तिच्यासाठी केबल ओढत बसायची, म्हणजे ज्या गुणाचे पैसे मोजले तोच वाया घालवायचा.