शेअर्ड होस्टिंगवरील खासगी गिट रिपॉझिटरी

एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांच्या वेबसाइट चालवणाऱ्या स्वस्त होस्टिंग खात्यात, मोजक्याच माणसांना उघडता येईल अशा बेताने ठेवलेला सोर्स कोड आणि त्यातल्या बदलांचा संपूर्ण इतिहास. अशा खातेदाराला रूटचे अधिकार नसतात, सर्व्हरभर सॉफ्टवेअर बसवता येत नाही आणि सतत चालणारी सेवा बहुधा ठेवू दिली जात नाही. म्हणून हे काम शेअर्ड होस्टिंगवर जमणारच नाही, असा समज आहे. गिटच्या आधीची सबव्हर्जन ही प्रणाली वेबवरून पुरवायची तर अपाचेत खास मॉड्यूल लागते, त्यामुळे त्या काळी हा समज बराचसा खरा होता. गिटला तो लागू पडत नाही.

त्याचे कारण गिटच्या घडणीत आहे. लिनक्स कर्नलच्या कामासाठी बिटकीपर या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या प्रणालीचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. कर्नलवर काम करणारे जगभर विखुरलेले असल्याने प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहास असावा, ही त्यातली मूळ कल्पना. त्यामुळे सर्व्हर उरतो तो केवळ देवाणघेवाणीची सामाईक जागा म्हणून. पुश करताच, म्हणजे बदल पाठवताच, एसएसएच सर्व्हरवर ‘गिट-रिसीव्ह-पॅक’ सुरू करते; फेच करताना, म्हणजे बदल आणताना, ‘गिट-अपलोड-पॅक’. काम आटोपले की ती प्रक्रियाही संपते. म्हणजे एसएसएचने खात्यात शिरता येणे आणि सर्व्हरवर गिट असणे, एवढेच पुरते. होम डिरेक्टरीत ‘गिट इनिट --बेअर’ ही आज्ञा दिली की रिपॉझिटरी तयार होते. बेअर रिपॉझिटरीत संपादनासाठी फायली मांडलेल्या नसतात. असतात ते ऑब्जेक्ट, शाखांचे संदर्भ आणि सेटिंग.

खासगीपणा मात्र आपोआप मिळत नाही. तो जागेच्या निवडीवर ठरतो. रिपॉझिटरी ‘पब्लिक_एचटीएमएल’च्या बाहेरच हवी. वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ती उघडी राहिली, तर डिरेक्टरीची यादी बंद करूनही धोका टळत नाही: ‘हेड’, ‘कॉन्फिग’ या फायलींची नावे ठरलेली असतात आणि त्यांच्या आधाराने कोड पुन्हा जुळवता येतो. फोल्डरची परवानगी ७०० ठेवावी. सहकाऱ्याची एसएसएच की ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये टाकताना तिला ‘गिट-शेल’पुरते बांधावे, नाहीतर त्याला सगळे खातेच खुले होते. इतके करूनही होस्टिंग कंपनीच्या प्रशासकाला डिस्क वाचता येते, म्हणून पासवर्ड आणि एपीआय की कमिटमध्ये कधीच जाऊ देऊ नयेत.

गिटहबने जानेवारी २०१९ पासून खासगी रिपॉझिटरी मोफत केल्या आणि एप्रिल २०२० मध्ये सहकाऱ्यांच्या संख्येची अटही काढली. मग हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पुल रिक्वेस्ट आणि इश्यू यांवर ज्यांचे काम चालते, त्यांनी तिकडेच जावे. पण ज्याची वेबसाइट याच खात्यात आहे, त्याला पुश झाल्यावर ‘पोस्ट-रिसीव्ह’ हुकने निवडक शाखा थेट वेबसाइटच्या फोल्डरमध्ये उतरवता येते आणि कोड आणखी एका कंपनीकडे सोपवावा लागत नाही. दुसरा आक्षेप मर्यादांचा. सुटे ऑब्जेक्ट साचले की फायलींच्या संख्येवरची मर्यादा गाठली जाते. ‘गिट जीसी’ ते एका पॅकमध्ये बांधते, पण मोठ्या रिपॉझिटरीत त्या कामाला मेमरी अपुरी पडून प्रक्रिया मध्येच मारली जाऊ शकते. म्हणून व्हिडिओ आणि डेटाबेसचे डंप इथे ठेवू नयेत, आणि साठवणुकीबाबत होस्टिंगच्या अटीही आधी वाचाव्यात. एक-दोन माणसांच्या, मुख्यतः मजकूर-फायलींच्या प्रकल्पाला ही सोय पूर्ण पुरेशी आहे. मात्र ‘गिट क्लोन --मिरर’ने घेतलेली एक प्रत सर्व्हरबाहेर ठेवावी आणि ती नियमित अद्ययावत करावी.