नानकटाई घरची, भट्टी बाहेरची

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं आणि मी ‘नागपुरातल्या मध्यमवर्गीय घरांतलं खाणं, 1950 ते 1990’ असं सांगितलं की समोरचा हसतो. मग हमखास विचारतो, ‘म्हणजे सावजी का?’ सावजी आहेच, पण मी अडकलेय ती नानकटाईपाशी. गेल्या वर्षी या नानकटाईवर मी एक छान सिद्धांत उभा केला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत अर्धा ढासळला. संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांना त्यातून काही मिळेल, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात आमच्या महालातल्या घरातून झाली. आजीच्या जुन्या वहीत दिवाळीच्या पदार्थांत नानकटाई आहे: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, चिमूटभर सोडा, वेलची. तूप आणि साखर हलकी होईपर्यंत फेसा, मैदा घाला, गोळे करा. आणि मग एकच शब्द: ‘बेकरीत’. पुढे काही नाही. किती वेळ, किती आच, काहीच नाही.

माझ्या आधी या वहीवरून दहा वेळा नजर फिरवूनही मला तो शब्द दिसला नव्हता. आजी म्हणाली, त्यात लिहायचं काय? तेव्हा कोणाकडं ओव्हन होता? घरी शेगडी. खालून आच मिळते, वरून नाही. झाकणावर निखारे ठेवून चार-सहा होतात, पण दिवाळीला शंभर-दीडशे लागायच्या. म्हणून फेसलेलं सगळं पातेल्यात घालून, वर फडकं बांधून बेकरीत न्यायचं, तिथल्या पत्र्यांवर गोळे थापायचे आणि आपला नंबर येईस्तोवर बसून राहायचं. डबा घरचा, त्यावर रंगानं नाव घातलेलं, नाहीतर अदलाबदल व्हायची.

बेकरीवाल्याला हे परवडायचं कसं? विटांची घुमटाकार भट्टी लाकडावर तापवतात. पाव भाजायला कडक आच लागते. पाव निघाले की भट्टी लगेच थंड होत नाही, तासन्‌तास हळूहळू उतरते. नानकटाईला नेमकी तीच उतरती आच हवी, नाहीतर ती खालून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणजे पावांनंतर उरलेली, एरवी वाया जाणारी ऊब बेकरीवाला दिवाळीत भाड्यानं द्यायचा. डिसेंबरात ख्रिस्ती घरांतली केकची भांडी अशीच बेकरीत जायची. ही पद्धत देशातल्या अनेक शहरांत होती, अलाहाबादचा ख्रिसमस केक तर त्यासाठी प्रसिद्धच आहे.

इथवर सगळं सोपं. माझा प्रश्न पुढचा होता. आजीच्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. बाहेरचा पाव घरात येत नसे. मग त्याच बेकरीत, त्याच माणसाच्या हातून, त्याच भट्टीत भाजलेली नानकटाई फराळाच्या ताटात कशी चालली?

पावाबद्दलचा हा संशय जुना आहे. 1849 साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, कारण जात मोडल्याचा त्याहून पक्का पुरावा दुसरा नव्हता. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह प्रतिष्ठित मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली, गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका बिस्किटानं एवढं होत असेल तर नानकटाई सुटली कशी?

माझं उत्तर होतं ‘खरकटं’. हा शब्द आपण आता उष्ट्या भांड्यांपुरता वापरतो, पण जुन्या घरांत ती अख्खी व्यवस्था होती. पाण्यात शिजलेलं धान्य आणि पाण्यानं भिजवून भाजलेलं पीठ, म्हणजे भात, वरण, पोळी, भाकरी, हे खरकटं. ते कोणी शिजवलं, कुठं बसून खाल्लं, यावर सगळे निर्बंध. लाडू, चिवडा, लाह्या यांना ते तितके लागत नाहीत. चकलीच्या पिठात पाणी असतं, पण ती तळणीतून जाते, म्हणून सुटते. आणि नानकटाईत पाण्याचा थेंब नाही, अंडं नाही. पीठ घरात मळलेलं, तूप घरचं, बाहेरचा फक्त अग्नी. पाव मात्र पाण्यात भिजवलेला, आंबवलेला, परक्या हातानं मळलेला.

(नानकटाई डच बेकऱ्यांतून सुरतेच्या पारशी कारागिराकडे आली, अशी गोष्ट इंटरनेटवर सगळीकडे सापडेल. कदाचित खरी असेल. पण सगळे एकमेकांचंच उतरवून घेतात, मूळ कागद कोणी दाखवत नाही. अशा उगमकथेपासून प्रबंध सुरू करू नका.)

याच किल्लीनं दुसरं कुलूपही उघडलं असं मला वाटलं. कुटुंबानं बाहेर खाणं. आजोबा बर्डीवर गेले की हॉटेलात भजी, चिवडा खायचे, चहा प्यायचे. पण बाहेर कधी जेवले नाहीत. मराठीत ‘खाणं’ आणि ‘जेवणं’ ही वेगळी क्रियापदं आहेत, आणि वीस मुलाखती लिहून काढल्यावर माझ्या लक्षात आलं की जुने लोक ती कधीच चुकवत नाहीत. ‘हॉटेलात खाल्लं’, ‘खानावळीत जेवलो’. खानावळ एकट्या पुरुषांची: विद्यार्थी, कारकून, गिरणी कामगार. 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर शहरात अशी माणसं वाढत गेली. कोष्टी विणकरांच्या वस्त्यांतून आलेली सावजी भोजनालयंही बराच काळ पुरुषांचीच. बायका-मुलांना घेऊन जायचं ते ‘फॅमिली रूम’ची पाटी असलेल्या, पडदा लावलेल्या खोलीत. नाहीतर सदरच्या कॉफी हाउसमध्ये, जिथं तुरेवाला फेटा बांधलेला वेटर आईलाही तितक्याच अदबीनं विचारायचा. दिवाळी संपली, फराळाचे डबे भरले, आई थकली की एक संध्याकाळ बाहेर. पण डोसा, कटलेट, कॉफी. घरी येऊन वरणभात व्हायचाच.

म्हणजे रेषा घर आणि बाहेर यांच्यामध्ये नव्हती, खाणं आणि जेवणं यांच्यामध्ये होती. नानकटाई आणि कॉफी हाउस, दोन्ही रेषेच्या सुरक्षित बाजूला. बघा कसं नीट बसलं! सेमिनारमध्ये मांडलं, कौतुक झालं. अर्जुन अप्पादुराई यांचा पाककृतींच्या पुस्तकांवरचा 1988 चा गाजलेला निबंध मी जोडीला घेतला होता. वर ऐटीत म्हणाले की पुस्तकात ‘बेकरीत’ या शब्दामागचं जग दिसत नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची, ती वाटी-चमच्याच्या मापानं घराघरांत गेली. पण वाटीनं मोजलेलं पुढे कुणाच्या विस्तवावर गेलं, हे वहीवाल्या बाईलाच विचारावं लागतं.

मग गाईडनं एकच प्रश्न विचारला. ‘वीस मुलाखती कुठल्या?’ महाल, धंतोली, रामदासपेठ. म्हणजे आमचे नातेवाईक आणि नातेवाइकांचे नातेवाईक. आडनावांची यादी काढली तेव्हा मलाच लाज वाटली.

उत्तर नागपुरात मी पहिल्यांदा मुलाखतीला गेले ती त्यानंतर. काकू रेल्वेत नोकरी केलेल्या, आता निवृत्त. नानकटाई त्यांच्याकडेही व्हायची, त्याच पद्धतीनं. खरकट्याचं मी विचारलं तर त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या की हे प्रश्न त्यांच्या घरात कोणी विचारत नव्हतं, त्यांच्याबद्दल बाकीचे विचारत होते. बेकरीत मात्र कधी त्रास झाला नाही, तो पत्र्याचे पैसे घ्यायचा, बाकी काही नाही. त्रास हॉटेलात. त्यांच्या वडिलांना गावी चहाचा कप वेगळा मिळायचा आणि तो स्वतः विसळून ठेवावा लागायचा. म्हणून नागपुरात पहिली नोकरी लागल्यावर त्यांनी घरच्या सगळ्यांना बर्डीवर नेलं आणि मुद्दाम पूर्ण जेवण मागवलं. भात, वरण, पोळी, भाजी, सगळं. खाणं नाही, जेवण.

माझ्या सिद्धांतात जे ‘असुरक्षित’ होतं, ते त्यांनी हक्कानं मागवलं होतं. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आहे. हॉटेलात प्रवेश नाकारणं 1955 च्या अस्पृश्यता कायद्यानं गुन्हा ठरलं. हे मी एम.ए.ला पाठ केलं होतं. पण कौटुंबिक खाण्याच्या प्रकरणात ते लिहायचं असतं हे सुचलं नव्हतं, कारण आजीच्या वहीत ते येण्याचं कारणच नव्हतं.

सिद्धांत चुकीचा ठरला का? नाही, लहान झाला. खाणं-जेवणंची रेषा खरी आहे, पण ती काही घरांनी आखलेली होती, आणि इतरांना ती ओलांडायची होती. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या चार खंडांत कोण कोणाच्या हातचं पाणी आणि अन्न घेतं याच्या नोंदी आहेत. त्या मी आधी ‘नियम’ म्हणून वाचत होते. आता विचारते की हे सांगितलं कोणी, आणि ऐकवलं कुणाला.

शिवाय सगळ्यालाच सोवळं लावायचं नसतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन घरोघर आला आणि बेकरीची रांग आटली. त्यात धर्म नव्हता, पगार होता. आजीला विचारलं, ओव्हन आल्यावर बरं वाटलं असेल? ती म्हणाली, काहून? उलट बेकरीत दोन घंटे बसायला मिळायचं. घरात बसायला कोण देत होतं?

हे उत्तर कुठल्या प्रकरणात घालायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. तूर्त मी काकूंच्या ओळखीनं उत्तर नागपुरातल्या आणखी सहा घरी जातेय, आणि सध्या शोधतेय तो माणूस, जो भट्टीच्या पलीकडच्या बाजूला उभा असायचा. माझ्या वीस मुलाखतींत एकही बेकरीवाला नाही.