शालेय फुटबॉल, महाराष्ट्रातील

माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांमध्ये खेळला जाणारा व आंतरशालेय सामन्यांच्या रूपाने संघटित झालेला फुटबॉल. भारतात हा खेळ सर्वत्र पोहोचला असला, तरी त्याची मुळे सर्वत्र सारखी खोल गेलेली नाहीत. काही प्रदेशांत शाळेच्या संघातून खेळणे हा मुलांच्या वाढीचाच एक भाग मानला जातो. काही प्रदेशांत तो वर्षातून एकदा, तालुका स्पर्धेपुरता आठवणारा खेळ आहे. महाराष्ट्रात पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण कोल्हापूर होय, तर दुसऱ्या प्रकारात विदर्भातील वर्धा जिल्ह्यासारखे अनेक जिल्हे मोडतात. हा फरक कसा निर्माण झाला, याचा इतिहास मुख्यतः शाळांचा, छावण्यांचा आणि मैदानांचा इतिहास आहे.

फुटबॉलप्रिय प्रदेशांची चर्चा करताना तेथील लोकांची शरीरयष्टी, डोंगराळ भूमी अथवा आहार यांचा हवाला देण्याची प्रथा आहे. ती फारशी टिकणारी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरामची लोकसंख्या सु. १०.९७ लाख, गोव्याची सु. १४.५९ लाख आणि वर्धा जिल्ह्याची सु. १३.०१ लाख होती. म्हणजे मनुष्यबळाच्या दृष्टीने ही तिन्ही क्षेत्रे जवळपास एकाच मापाची आहेत. तथापि मिझोरामने २०१४ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक जिंकला आणि २०१६-१७ च्या हंगामात तेथील ऐझॉल संघ आय-लीगचा विजेता ठरला. गोव्याने तर कित्येक पिढ्या राष्ट्रीय संघाला खेळाडू पुरविले. डोंगर मिझोरामात आहेत. गोव्याचे फुटबॉल मात्र किनाऱ्यालगतच्या सखल गावांत, कापणी झालेल्या भातखाचरांत वाढले. तेव्हा भूरचनेत कारण शोधणे व्यर्थ आहे.

भारतातील या खेळाचा प्रारंभ सैन्याच्या छावण्यांत झाला असला, तरी तो भारतीयांचा झाला तो शाळांमधून. कलकत्त्यातील हेअर स्कूलचा विद्यार्थी नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी याने १८७७ मध्ये गोऱ्या शिपायांचा खेळ पाहून वर्गमित्रांसह चेंडू विकत आणला. तो रग्बीचा निघाला, अशी आख्यायिका आहे. खेळ मात्र सुरू झाला. काश्मीरमध्ये मिशन शाळेचे मुख्याध्यापक सेसिल टिंडेल-बिस्को यांनी १८९१ मध्ये श्रीनगरच्या पंडित मुलांपुढे चामड्याचा चेंडू ठेवला, तेव्हा चामड्याला शिवणे निषिद्ध म्हणून मुलांनी खेळण्यास नकार दिला व त्यांना अक्षरशः सक्तीने मैदानावर उतरविण्यात आले. या सक्तीचे समर्थन करणे कठीण आहे. पण चामडे, स्पर्श आणि जात हे प्रश्न या खेळाच्या वाटेत पहिल्या दिवसापासून उभे होते, हे त्यावरून कळते. गोव्यात फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोली येथे फुटबॉल आणला आणि १८८७ मध्ये हडफडे येथे सेंट जोसेफ शाळा काढली. गोव्यात हा खेळ शाळा आणि चर्च यांच्या आश्रयाने गावोगाव गेला. तो शहरात जन्मून खेड्यात उतरला नाही, हे गोव्याचे वैशिष्ट्य. २०१२ मध्ये गोवा शासनाने फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा दिला.

मुंबईची कथा निराळी आहे. तेथे रोव्हर्स करंडक स्पर्धा १८९१ पासून सुरू झाली व दीर्घकाळ तीवर ब्रिटिश पलटणींचेच वर्चस्व राहिले. बंगलोर मुस्लिम्स हा १९३७ मध्ये ती जिंकणारा पहिला भारतीय संघ होय. शाळांच्या क्रीडासंघटनेची स्थापना १८९३ इतकी जुनी आहे. तिच्या स्पर्धांत माटुंग्याचे डॉन बॉस्को, माझगावचे सेंट मेरीज आदी ख्रिस्ती संस्थांच्या शाळा अग्रभागी राहिल्या. मुंबईच्या विद्यार्थी खेळाडूला शाळेनंतरची पायरी दिसत असे, हे तिचे खरे बळ होते. गिरण्या, तेलकंपन्या, बँका व इतर आस्थापने संघ बाळगीत आणि खेळाडूस नोकरी देत. ही पायरी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ढासळत गेली. रोव्हर्स स्पर्धा २००१ च्या सुमारास बंद पडली. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघही २०१० मध्ये विसर्जित झाला. पुण्यात लष्करी छावणीलगतच्या इंग्रजी शाळा आणि पुढे लॉयोला यांसारख्या शाळांनी आंतरशालेय स्पर्धा जोपासल्या; तेथील परंपरा मुंबईपेक्षा लहान, पण सलग आहे.

कोल्हापूर हे महाराष्ट्रातील फुटबॉलचे सर्वांत समृद्ध क्षेत्र. येथे या खेळाला ना बंदराचा आधार होता, ना मोठ्या कारखानदारीचा. आधार होता तो पेठेचा आणि तालमीचा. मुळात कुस्तीसाठी असलेल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. त्यामुळे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावे आज अनोळखी माणसाला आखाड्यांची वाटतात, कोल्हापूरकराला मात्र ती फुटबॉल संघांची म्हणून आधी आठवतात. संस्थानकाळात, १९४० मध्ये, राजाश्रयाखाली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली व खेळाला नियमित हंगाम मिळाला. छत्रपती शाहू स्टेडियममध्ये स्थानिक सामन्यांना हजारो प्रेक्षक जमतात. भारतात अनेक व्यावसायिक संघांनाही अशी गर्दी लाभत नाही. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळा या व्यवस्थेचा तळ आहेत. मुलगा सकाळी शाळेच्या संघात आणि संध्याकाळी पेठेच्या मैदानावर असतो. शाळेचा शिक्षक व तालमीचा जुना खेळाडू हे दोघेही त्याला ओळखतात. प्रतिभा नजरेतून निसटण्यास येथे फारसा वाव नाही. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावीही ही परंपरा रुजली आहे. मात्र याच पेठनिष्ठेतून मैदानावर व मैदानाबाहेर हाणामाऱ्याही होतात, त्यापायी स्पर्धा थांबविण्याचे प्रसंग आले आहेत. कोल्हापूरच्या फुटबॉलचे गुणगान करणारे हा भाग सहसा वगळतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेतील भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, त्याची पुढील जडणघडण पुण्यात, राज्य शासनाच्या बालेवाडी येथील क्रीडा प्रबोधिनीत झाली. त्याच संघातील २१ खेळाडूंपैकी ८ एकट्या मणिपूरचे होते.

विदर्भात फुटबॉलचे बीज कामठीत पडले. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८२१ मध्ये, नागपूरजवळ कन्हान नदीकाठी ही छावणी वसविण्यात आली. छावणीशेजारच्या वस्तीत विणकर व कामगार मुस्लिम कुटुंबांची संख्या मोठी; तेथे फुटबॉल मोहल्ल्याचा खेळ बनला. रब्बानी क्लब हा नागपूर जिल्ह्यातील प्रमुख संघांपैकी एक असून त्याच नावाची शाळाही फुटबॉलसाठी ओळखली जाते. नागपूर शहरात मिशन शाळा, रेल्वे व पोलीस यांचे संघ यांमुळे खेळाला आधार मिळाला. अशा रीतीने कोल्हापूरची पेठ आणि कामठीचा मोहल्ला या दोहोंची फुटबॉलमधील भूमिका एकच आहे : शाळा सुटल्यावर खेळ सुटू न देणे.

वर्धा जिल्हा नागपुरापासून १८६२ मध्ये वेगळा झाला व वर्धा शहर पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वसविण्यात आले. ते रेल्वेचे जंक्शन आणि कापसाची पेठ म्हणून वाढले. त्याला छावणीचा शेजार लाभला नाही. कामठी येथून शंभर किलोमीटरच्या आत असूनही तेथील खेळ इकडे वाहत आला नाही. पश्चिमेकडून, अमरावतीहून, दुसराच प्रवाह येत होता. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांब, लाठी, कबड्डी इ. देशी व्यायामप्रकारांचे शिक्षक घडविले. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रदर्शन केले. वऱ्हाड व लगतच्या जिल्ह्यांतील शाळांत व्यायामशिक्षक आले ते पुष्कळसे या वळणाचे. ज्या शिक्षकाला जो खेळ येतो तो शाळेत रुजतो, हा नियम येथे कबड्डी व खो-खोच्या बाजूने लागू पडला. त्यात राष्ट्रीय भावनेचाही वाटा होता. चळवळीच्या काळात गोऱ्यांच्या खेळापेक्षा देशी खेळ अधिक आपले वाटणे स्वाभाविक होते. शिवाय कबड्डीला लागते थोडी मोकळी जागा. फुटबॉलला सु. १०० मी. लांबीचे मैदान हवे.

वर्ध्याच्या शिक्षणाचा इतिहास पाहताना नयी तालीम टाळता येत नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातील नवभारत विद्यालयात म. गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तीतून झाकिर हुसेन समिती नेमली गेली. समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या शालेय दिवसात मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे दिलेली होती; शारीरिक शिक्षणास १० मिनिटे. शारीरिक श्रमातच व्यायाम सामावलेला आहे, ही त्यामागील दृष्टी असावी, आणि कताई, बागकाम व शेतीची कामे करणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु श्रम आणि खेळ यांत फरक आहे. खेळात हार असते, साथीदार असतो आणि फलितावाचून केलेली धावपळ असते. खुद्द गांधीजींना राजकोटच्या हायस्कुलात मुख्याध्यापक गिमी यांनी सक्तीचे केलेले कसरत व क्रिकेट नकोसे वाटे. पुढे आत्मकथेत मात्र त्यांनी शारीरिक शिक्षणाला बौद्धिक शिक्षणाइतकेच स्थान असावे, असे मत नोंदविले. वर्धा योजनेचे वेळापत्रक त्या मतापर्यंत पोहोचले नाही.

जमिनीचा प्रश्न याहून साधा, पण अधिक हट्टी आहे. वर्धा जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या, खोल, कापसाच्या जमिनीचा. ही माती पावसाळ्यात फुगून बुटाला चिकटते, चेंडू उसळत नाही व धावणारा घसरतो. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि तापमान ४५° से.च्या आसपास जाते. मुरूम टाकून, दाबून, निचरा काढून मैदान करावे लागते, आणि त्यावर हिरवळ टिकवायची तर पाणी लागते. बहुतेक खेड्यांतील शाळांना हे शक्य नाही. पेच असा की, तालुका व जिल्हा स्तरांवरील शालेय फुटबॉल सामने बहुधा पावसाळ्यातच येतात, कारण राष्ट्रीय वेळापत्रक तसे बांधलेले आहे. हिवाळ्यात, जेव्हा या मातीवर खेळणे सर्वांत सुखाचे असते, तेव्हा शाळा परीक्षांच्या तयारीला लागलेली असते. शहरातील मोठी मैदाने असली, तरी ती केवळ खेळासाठी राखलेली नसतात. स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाला त्याहून योग्य जागा गावात नव्हती हे खरे, आणि खेळाच्या बाबतीतही तेच म्हणता येते.

शालेय स्पर्धांची आजची रचना दुहेरी आहे. एकीकडे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय शालेय खेळ महासंघाच्या वयोगटनिहाय स्पर्धा, तर दुसरीकडे सुब्रोतो मुखर्जी करंडक. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांच्या कल्पनेतून १९६० मध्ये ती सुरू झाली. २०१२ पासून तीत मुलींच्या संघांनाही प्रवेश मिळाला. दोन्हींत वाट तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशी चढत जाते. वर्ध्याचा विजेता संघ विभागात आला की, त्याची गाठ नागपूर-कामठीच्या मुलांशी पडते. त्यांतील अनेक जण बाराही महिने खेळत आलेले असतात. वर्ध्याचा संघ स्पर्धेपूर्वी जुळविलेला असतो. अशा सामन्यातील पराभवावरून जिल्ह्यात गुणवत्ता नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. एका सामन्यातून संघाची तयारी मोजली जाते; गुणवत्ता मोजण्यासाठी मूल वर्षभर कोणाच्या तरी डोळ्यांसमोर असावे लागते. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या हा एक मार्ग आहे. पण त्यात यश मिळविणाऱ्या मुलाला कोवळ्या वयात घर व जिल्हा सोडावा लागतो, आणि तो गेल्यावर गावातील लहान मुलांपुढचे उदाहरणही त्याच्याबरोबर जाते. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळ पालक या टप्प्यावरच थांबतात.

शासनाचे प्रयत्न अधूनमधून झाले. विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर एकाच दिवशी लाखो विद्यार्थ्यांना मैदानावर उतरविण्याचा उपक्रम पार पडला व शाळांना चेंडू वाटण्यात आले. दिवस साजरा झाला. काळ्या मातीवरचा चेंडू किती पावसाळे टिकतो, हा हिशेब कोणी मांडला नाही. नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण आणि माध्यमिक परीक्षेतील सवलतीचे गुण यांमुळे पालकांचा विरोध काहीसा सौम्य झाला आहे. परंतु त्यांचा लाभ वरच्या स्तरांवर पोहोचणाऱ्यालाच मिळत असल्याने तो आधीच बळकट असलेल्या प्रदेशांकडे झुकतो.

याउलट शाळेच्या बाहेरून झालेला एक प्रयत्न नागपूरचा आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतील मुले पाहिली व २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल स्पर्धा भरविली; पहिल्याच वर्षी १२८ संघ आले. यांतूनच उभ्या राहिलेल्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेला २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि बारसे यांच्या कार्यावर आधारित ‘झुंड’ हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. या १२८ संघांतील मुले कोणत्याही शालेय स्पर्धेच्या नोंदीत आधी सापडली नसती. त्यांतील कित्येकांची शाळा सुटलेली होती. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत कापसाच्या हंगामात वेचणीला जाणारी मुलेही अशाच प्रकारे नोंदीबाहेर राहतात. शालेय फुटबॉलचे प्रदेश ठरविताना आपण मोजतो ती शाळेच्या संघात पोहोचलेली मुले असतात.