चार कानांचे गुपित, सहा कानांचे गुपित

वाचकहो, आपल्या मराठीत ‘षट्कर्णी होणे’ असा एक मार्मिक वाक्प्रचार आहे. दोघांतली गोष्ट चार कानांत राहते. तिसरा माणूस आला की कान सहा होतात आणि मग गुपित गावभर व्हायला फारसा वेळ लागत नाही. वैद्य आणि रोगी यांच्यातली गोष्ट ही अशीच चार कानांची. पण त्या गोष्टीत तिसऱ्याच माणसाचा जीव गुंतलेला असला तर? वैद्याने तोंड मिटून बसावे की त्या तिसऱ्याला सावध करावे? आपल्या देशात हा प्रश्न एच.आय.व्ही.च्या निमित्ताने न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे त्याचा कायदा झाला. त्याचाच इतिहास आज पाहू.

वैद्याने गुपित राखावे ही अपेक्षा काही इंग्रजांनी आपल्याकडे आणलेली नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला जो उपदेश करतो, त्यात रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत असे स्पष्ट बजावले आहे. ग्रीक लोकांच्या हिपॉक्रेटिसच्या शपथेतही हाच दंडक आहे. कारण सरळ आहे. आपले दुखणे चव्हाट्यावर येईल अशी धास्ती असली तर माणूस वैद्याकडे जाणारच नाही. तो दुखणे लपवील आणि लपवलेले दुखणे वाढेल. म्हणजे गुपित राखण्यात एकट्या रोग्याचे नव्हे, सगळ्या गावाचे हित आहे.

आपल्या देशात एच.आय.व्ही.चा संसर्ग पहिल्यांदा 1986 साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, रक्ततपासणीत आढळला. हा विषाणू दूषित रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा हस्तांदोलनाने तो जात नाही. पण त्या काळी त्यावर प्रभावी औषध हाती नव्हते आणि लोकांच्या मनात भीती मात्र भरपूर होती. भीतीच्या भरात माणसे कशी वागतात त्याचे उदाहरण पाहायला दूर जायला नको.

आपले कसाल हे तिठ्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो आणि मालवणचा रस्ता येथूनच फुटतो. ह्याच महामार्गाने दक्षिणेला गेले की बांद्यापलीकडे गोवा लागतो आणि पुढे म्हापसा. त्या म्हापशाजवळच्या पर्रा गावात डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण राहत होता. तो स्वेच्छेने रक्तदान करणारा माणूस. त्याच्या रक्तात हा विषाणू आढळला. झाले! फेब्रुवारी 1989 मध्ये पोलिस घरी आले आणि त्याला घेऊन गेले. कशासाठी नेत आहेत, हे सुरुवातीला त्याला कोणी सांगितलेसुद्धा नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळे ठेवण्याचे कलम घातलेले होते. त्या कलमाखाली त्याला म्हापशात क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या एका जुन्या इमारतीत 64 दिवस पहाऱ्यात ठेवले.

आता बघा, येथे गुपिताचा क्रम कसा उलटा झाला! जे पहिल्यांदा रोग्याच्या कानी जायचे, ते आधी सरकारदरबारी गेले. डॉमिनिकची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. मुलाची सुटका झाली, पण न्यायालयाने ते कलम मात्र वैध ठरवले. एकट्याचा हक्क आणि समाजाचे हित यांचा झगडा झाला तर समाजाचे हित मोठे, असा त्या निकालाचा रोख होता. डॉमिनिक हरला नाही. एच.आय.व्ही.बाधितांसाठी त्याने गोव्यात ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. मे 1992 मध्ये तो वारला.

पुढे 1997 साली ह्याच मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. एका सरकारी उपक्रमात रोजंदारीवर असलेल्या कामगाराला केवळ रक्तात विषाणू आहे म्हणून काम नाकारले होते. माणूस कामाला धडधाकट असेल आणि त्याच्यापासून इतरांना विशेष धोका नसेल, तर एवढ्याच कारणावरून काम नाकारता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. शिवाय त्याला खरे नाव झाकून दावा लढवू दिला. निकालपत्रात तो नुसता ‘एम.एक्स.’ आहे. न्याय मागायला गेलेल्याची न्यायालयाच्या दारातच बदनामी होऊ नये, ही केवढी समजूत!

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. 1998 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे जो खटला निकाली निघाला तो ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या नावाने ओळखला जातो. हा एक्स नागालँडमधला सरकारी डॉक्टर. एका रोग्याबरोबर तो मद्रासच्या रुग्णालयात गेला होता. तेथे रक्त द्यायचा प्रसंग आला आणि त्याच्या रक्तात विषाणू सापडला. म्हणजे डॉमिनिकप्रमाणेच ह्याचीही कहाणी रक्तदानापासूनच सुरू होते. त्याचे लग्न ठरलेले होते. ते मोडले. बातमी घरात आणि समाजात पसरली आणि त्याला कोहिमा सोडावे लागले. रुग्णालयाने माझे गुपित फोडले, मला भरपाई द्या, असे त्याचे म्हणणे.

न्यायालयाने ते मानले नाही. रोग्याला गुपिताचा हक्क आहे हे खरे. पण जिच्याशी लग्न व्हायचे आहे त्या मुलीलाही निरोगी जगण्याचा हक्क आहे. दोन हक्क समोरासमोर आले तेव्हा न्यायालयाने मुलीचा हक्क वरचढ ठरवला. येथवर पुष्कळांना पटण्यासारखे होते. पण न्यायालय एक पाऊल पुढे गेले आणि अशा माणसाचा लग्नाचा हक्कच तूर्त स्थगित आहे असे म्हणून बसले. त्यावर बरीच टीका झाली. समजा, दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघेही राजी आहेत, तर मग मध्ये पडणारे आपण कोण? अखेर डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच मोठ्या पीठाने, लग्नाच्या हक्काविषयी तसे बोलण्याची त्या खटल्यात गरजच नव्हती, असा खुलासा केला.

तरीही एक मोठा प्रश्न उरलाच. सांगावे, हे ठीक. पण कोणी सांगावे, कोणाला, केव्हा आणि कसे? याचे उत्तर संसदेच्या 2017 च्या एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने दिले. 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. त्याचे नववे कलम शिक्षकांनी तरी नीट समजून घ्यावे असे आहे.

पहिली गोष्ट, जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टरला आणि समुपदेशकाला आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाला नाही, परिचारिकेला नाही. दुसरी, जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असे डॉक्टरला सकारण वाटले पाहिजे. तिसरी, ‘तुम्हीच घरी सांगा’ असे आधी रोग्याला समजावले पाहिजे. चौथी, तो सांगणार नाही अशी खात्री झाली, तर ‘आता मी सांगणार आहे’ हे आधी त्याच्याच कानी घातले पाहिजे. आणि पाचवी, जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून आणि धीर देऊन सांगायचे. चिठ्ठी नाही, निरोप नाही. म्हणजे कान सहाच व्हायचे, आठ नव्हे!

आणखी एक तरतूद फार विचाराने घातली आहे. बाधित व्यक्ती स्त्री असेल आणि नवऱ्याला कळल्यावर तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील किंवा तिच्या व मुलांच्या जिवाला घोर लागेल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने सांगावयाचे नाही. आता तुम्ही म्हणाल, हा दुजाभाव कशाला? पाहा ना, पुष्कळ घरांत बाईची तपासणी पहिल्यांदा होते ती बाळंतपणाच्या वेळी. दुखणे नवऱ्याकडून आलेले असले तरी उघड आधी तिचे होते आणि बोल तिलाच लागतो. कायदा करणाऱ्यांनी हे घराघरातले वास्तव ओळखले.

हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. आपल्याकडची कितीतरी माणसे मुंबईला नाही तर गोव्याला पोटापाण्यासाठी राहतात आणि गणपतीला, शिमग्याला घरी येतात. घरधन्याची वाट पाहणाऱ्या बाईला आपल्या जिवाचा धोका कळण्याचा हक्क आहे. पण वाडीवरच्या दहा जणींनी एकमेकींच्या कानात ‘कोणाक सांगू नको हां’ म्हणत ते बोलावे, हा कोणाचाच हक्क नाही. एक दार उघडणे आणि गावात दवंडी पिटणे यांतला हाच तो फरक.

काळही आता बदलला आहे. 2004 पासून सरकारी केंद्रांत ह्यावरची औषधे मोफत मिळू लागली. औषध रोज नेमाने घेतले आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हे आता सिद्ध झाले आहे. पण औषध मिळायला आधी तपासणी हवी आणि तपासणीला जायला विश्वास हवा. डॉमिनिकला पहाऱ्यात ठेवून असा विश्वास कोणाच्या मनात उपजला असेल? 2017 च्या कायद्याने माणसाला असे वेगळे काढणे हा भेदभाव ठरवला आहे. अशा घरातल्या मुलाला शाळेत नाकारणेही त्यातच मोडते. मास्तरांनी हे ध्यानात ठेवावे आणि पालकसभेत शंका निघालीच तर शांतपणे समजावून द्यावे.

शंका असणाऱ्याने सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात जावे. तपासणी संमतीनेच होते आणि गुप्त राहते. 1097 ह्या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारता येते. बाकी आपल्यासारख्यांचे काम सोपे आहे आणि अवघडही. दुसऱ्याच्या दुखण्याची गोष्ट चुकून आपल्या कानावर आलीच, तर ती तेथेच थांबवायची. कायदा डॉक्टरला बांधून घालू शकतो, पण गावाची जीभ गावानेच आवरावयाची असते.